आयएनएस दीपक : नौदलाच्या रसदवाहू जहाजाची १/३५० प्रमाणातील प्रतिकृती कशी घडवावी

युद्धनौकांच्या प्रतिकृती करणारे आपल्याकडे बरेच आहेत, परंतु त्या युद्धनौकांना भरसमुद्रात इंधन, पाणी, अन्न आणि दारूगोळा पुरवणाऱ्या जहाजांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. बाजारात मिळणाऱ्या तयार संचांमध्येही विमानवाहू जहाजे, विनाशिका आणि पाणबुड्या यांचीच गर्दी असते. त्यामुळे ज्याला भारतीय नौदलाचे रसदवाहू जहाज हवे आहे, त्याने ते कोऱ्या पत्र्यापासून स्वतः घडवण्याची तयारी ठेवावी. हे काम वाटते तितके अवघड नाही. या जहाजांचा मधला भाग सरळ आणि पेटीसारखा असल्यामुळे सांगाडा स्वतः घडवण्याची सुरुवात करणाऱ्याला ती विनाशिकेपेक्षा अधिक सोपी जातात, आणि डेकवरील यंत्रसामग्रीमुळे अनुभवी हातांनाही त्यांत भरपूर काम मिळते.

या लेखासाठी मी आयएनएस दीपक हे जहाज निवडले आहे. इटलीतील फिनकांतिएरी या कंपनीने ते बांधले आणि २१ जानेवारी २०११ रोजी मुंबईत ते नौदलात दाखल झाले. आयएनएस शक्ती हे त्याचे जुळे भावंड त्याच वर्षी दाखल झाले. दीपकची लांबी १७५ मीटर, रुंदी २५ मीटर, पूर्ण भरलेल्या अवस्थेतील वजन सुमारे २७,५०० टन आणि वेग सुमारे २० नॉट आहे. १/३५० प्रमाणात १७५ मीटरचे बरोबर ५०० मिलिमीटर होतात, म्हणजे अर्धा मीटर. घरातल्या टेबलावर मावणारे आणि तरीही कठड्याचे गज, झडपा, नळ्या दाखवता येतील इतके मोठे असे हे माप आहे. १/७०० प्रमाणात तेच जहाज २५० मिलिमीटर होते. जागा कमी असेल तर ते प्रमाण घ्यावे, परंतु डेकवरील कामाचा आनंद मात्र निम्म्याहून अधिक कमी होतो, असे माझे मत आहे.

आधी क्षण ठरवावा

चाकू हातात घेण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि रसदवाहू जहाजाच्या बाबतीत तो इतर कोणत्याही जहाजापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. आपण जहाजाचा कोणता क्षण दाखवणार आहोत? ते बंदरात धक्क्याला उभे आहे, टाक्या भरून एकटे समुद्रात निघाले आहे, की दुसऱ्या जहाजाच्या शेजारून धावत त्याला इंधन देत आहे? विनाशिकेचे रूप या तिन्ही अवस्थांत फारसे बदलत नाही. रसदवाहू जहाज मात्र आपल्या कामाप्रमाणे देखावा बदलते.

पहिला फरक जलरेषेचा, म्हणजे जहाजाच्या बाजूवर पाणी जिथवर येते त्या रेषेचा. दीपक सुमारे १५,५०० टन द्रवमाल वाहू शकते. जलरेषेपाशी जहाजाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने साडेतीन हजार चौरस मीटर धरले, तर जहाज एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी सुमारे ३६ टन भार लागतो. म्हणजे सर्व द्रवमाल उतरवला आणि त्याच्या बदल्यात काहीच भरले नाही, तर जहाज चार मीटरहून अधिक वर येईल. प्रत्यक्षात तोल सांभाळण्यासाठी रिकाम्या टाक्यांच्या जोडीने तळातील स्वतंत्र टाक्यांत समुद्राचे पाणी भरले जाते, म्हणून फरक इतका मोठा दिसत नाही, तरीही तो डोळ्यांना जाणवण्याइतका असतो. १/३५० प्रमाणात एक मीटरचा फरक जवळजवळ तीन मिलिमीटर होतो. हलक्या जहाजाच्या कडेला तळाच्या तांबड्या रंगाचा रुंद पट्टा पाण्यावर दिसतो, भरलेल्या जहाजाचा तो बुडालेला असतो. छायाचित्र निवडतानाच हा पट्टा पाहावा आणि एकाच अवस्थेतील छायाचित्रे एकत्र ठेवावीत. भरलेल्या अवस्थेतील बाजूचे चित्र आणि हलक्या अवस्थेतील नाळेचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचे, चित्र मिसळून मापे काढली, तर सांगाड्याची उंची कधीच जुळत नाही. माझा पहिला सांगाडा याच कारणाने मला टाकून द्यावा लागला.

दुसरा फरक झेंड्यांचा, तिसरा इंधनाच्या नळ्यांचा आणि चौथा रंगाच्या झिजेचा. या तिन्हींकडे पुढे येऊच.

मापे आणि छायाचित्रे

मूळ जहाजाचे मीटरमधील माप २.८६ ने गुणले की १/३५० प्रमाणातील मिलिमीटर मिळतात. लांबी ५०० मिमी, रुंदी ७१ मिमी, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत पाण्याखालील खोली ९.१ मीटर, म्हणजे २६ मिमी. काही छोटी मापे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवावीत. उभा माणूस पाच मिमीपेक्षा किंचित कमी, दरवाजा सुमारे साडेपाच मिमी, कठडा सुमारे तीन मिमी, वीस फुटी कंटेनर १७.३ मिमी लांब आणि ७ मिमी रुंद. चेतक हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास ११ मीटर आहे, तो साडेएकतीस मिमी होतो, आणि ध्रुवचा १३.२ मीटरचा पंखा जवळजवळ ३८ मिमी होतो. छायाचित्रात माणूस, दरवाजा किंवा हेलिकॉप्टर दिसले की त्याच्या आधाराने शेजारच्या अनोळखी वस्तूची उंची काढता येते.

छायाचित्रांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. घारापुरीच्या लाँचमधून किंवा किनाऱ्यावरून नौदल गोदीचे फोटो काढण्याचा मोह कोणीही करू नये. तो संरक्षित भाग आहे आणि तेथे छायाचित्रणास मनाई आहे. त्याची गरजही पडत नाही. नौदलाने आणि संरक्षण मंत्रालयाने संयुक्त सरावांच्या वेळी प्रसिद्ध केलेली हवाई छायाचित्रे भरपूर आहेत, आणि परदेशी नौदलांनी आपल्या जहाजांशेजारी दीपक किंवा शक्ती असताना काढलेली छायाचित्रे तर डेकच्या मांडणीसाठी सर्वांत उपयुक्त ठरतात. नौदल सप्ताहात जहाजे लोकांसाठी खुली केली जातात, तेव्हा तेथील नियम पाळून डोळ्यांनी पाहावे. वस्तूंची परस्पर उंची मनात साठवण्यासाठी त्यासारखी दुसरी संधी नाही.

बाजूने, बरोबर काटकोनात आणि दुरून घेतलेले एक छायाचित्र निवडावे. ते संगणकावर जहाजाची लांबी ५०० मिमी येईल इतके मोठे करून छापावे. आता जलरेषेपासून मुख्य डेकपर्यंतची उंची, नाळेकडचा उंच भाग, पाठीमागच्या बाजूचा इमारतीसारखा ठोकळा, धुराडे, डोलकाठी, हे सर्व त्या छापील चित्रावरून पट्टीने थेट मोजता येते. तिरक्या हवाई चित्रांवरून डेकचा आराखडा काढताना लांबी आणि रुंदी ही दोन खात्रीची मापे पकडून चित्र चौकटीत बसवावे. दोन वेगवेगळ्या चित्रांतून एकच माप येत नसेल तर तिसरे चित्र मिळेपर्यंत तो भाग कापू नये.

मापांवरून आकाराचा आणखी एक अंदाज बांधता येतो. लांबी, रुंदी आणि पाण्याखालील खोली यांचा गुणाकार केला तर एक पूर्ण पेटी मिळते, आणि जहाजाच्या वजनाइतके पाणी त्या पेटीच्या किती भागात मावते हे पाहिले की सांगाडा किती भरीव आहे ते कळते. दीपकसाठी हे उत्तर सुमारे ०.६७ येते. लांबी आपण टोकापासून टोकापर्यंत धरली असल्यामुळे जलरेषेवरचे खरे उत्तर त्याहून किंचित अधिक असेल. विनाशिकेचा हाच आकडा ०.५ च्या आसपास असतो आणि कच्चे तेल वाहणाऱ्या संथ व्यापारी टँकरचा ०.८ च्या वर जातो. दीपक या दोहोंच्या मधले आहे, कारण त्याला माल भरपूर वाहायचा आहे आणि ताफ्याबरोबर २० नॉटने धावायचेही आहे. म्हणून मधला भाग पेटीसारखा ठेवला तरी नाळेचा भाग व्यापारी टँकरसारखा बोथट करू नये. नाळ लांब, निमुळती आणि वर जाताना बाहेर उमलणारी ठेवली की बघणाऱ्याला ते नौदलाचे जहाज आहे हे लगेच जाणवते.

साहित्य

सांगाड्यासाठी पाच मिमी जाडीचा सनबोर्ड, म्हणजे जाहिरातीचे फलक करणारे वापरतात तो फोमचा पांढरा पत्रा, हे सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारे साहित्य आहे. वरच्या बांधकामासाठी पाव, अर्धा आणि एक मिमी जाडीचे स्टायरीन या प्लॅस्टिकचे पत्रे लागतात, ते छंदसाहित्याच्या दुकानांतून मागवावेत. याशिवाय दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, फेव्हिक्विक, स्टायरीन जोडण्याचे पातळ सिमेंट, मोटारींना लावतात ती पुट्टी, १२० पासून ८०० पर्यंतचा पॉलिश पेपर, धारदार कटर, पोलादी पट्टी, बारीक चिमटा आणि हातात फिरवायचे छोटे ड्रिल पुरेसे आहे. तारांसाठी वेगळा खर्च करू नये. विजेच्या लवचिक वायरच्या आत तांब्याचे केसासारखे तंतू असतात, आणि सोल्डरिंगची अर्धा मिमी जाडीची तार इंधनाच्या नळ्यांसाठी उत्तम चालते. मुंबईत लोहार चाळीत आणि इतर शहरांत कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात या दोन्ही वस्तू मिळतात.

थर्माकोल सांगाड्यासाठी वापरू नये. स्प्रेच्या रंगातील द्रावकाने तो विरघळतो. सनबोर्डही तीव्र थिनरने मऊ पडतो, म्हणून त्यावर पहिला हात नेहमी पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचा द्यावा.

सांगाडा

जलरेषेपासून वरचेच जहाज करावे, असा माझा आग्रह आहे. रसदवाहू जहाजाचे सौंदर्य डेकवर आहे, तळाशी नाही, आणि समुद्राच्या पृष्ठावर बसवलेले जहाजच त्याचे काम दाखवू शकते.

कार्डपेपरवर मध्यरेषा आखून डेकच्या आराखड्याचा अर्धा भाग काढावा आणि तो कापून त्याचा साचा करावा. त्याच साच्याने मध्यरेषेच्या दोन्ही बाजू आखल्या की डावे आणि उजवे अंग आपोआप सारखे येते. सनबोर्डच्या प्रत्येक थरावर ही मध्यरेषा आणि मधोमध एक आडवी रेषा ठळक आखावी, कारण थर रचताना जुळवणीसाठी त्या दोनच खुणा उपयोगी पडतात. मधल्या भागात सर्व थरांची रुंदी ७१ मिमीच ठेवावी. नाळेकडे मात्र प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा थोडा अधिक लांब आणि थोडा अधिक रुंद कापावा. बाजूच्या छापील चित्रावर नाळेच्या कडेची तिरकी रेषा असते, तिच्यावर दर पाच मिमी उंचीला आडव्या रेषा आखल्या की कोणता थर कुठपर्यंत पुढे यायचा ते थेट मिळते.

थर जोडण्यासाठी इपॉक्सी वापरावा. फेव्हिक्विक क्षणात पकडतो आणि रबरी गोंदही एकदा चिकटला की सरकवता येत नाही, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ती तशीच राहते. सर्व थर जुळवून जाड काचेवर ठेवावेत, वर पुस्तकांचे वजन द्यावे आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. घाईने उचललेला सांगाडा केळीच्या पानासारखा वाकतो आणि मग तो सरळ होत नाही.

सुकल्यावर पायऱ्यांसारख्या कडा कटरने छाटाव्यात, १२० च्या पेपरने घासाव्यात आणि छिद्राळ कडांवर पुट्टीचा पातळ हात द्यावा. घासताना पेपर बोटांनी न धरता लाकडाच्या सपाट पट्टीवर गुंडाळावा, नाहीतर मधल्या सरळ भागात लाटा येतात आणि रंग दिल्यावर त्या लगेच दिसतात. शेवटी दोन्ही बाजूंना पाव मिमी स्टायरीनची सलग पट्टी इपॉक्सीने चिकटवावी. या एका पायरीने सनबोर्डचा मऊपणा झाकला जातो आणि जहाजाची बाजू पोलादासारखी सपाट दिसते. पत्र्यांचे सांधे मात्र कोरू नयेत. मूळ जहाजावरील वेल्डिंगचा उंचवटा या प्रमाणात केसाहूनही कितीतरी बारीक होतो, आणि कोरलेल्या खाचा त्याला विटांच्या भिंतीचे रूप देतात.

नांगराची खोबण, दोरखंड बाहेर काढण्याची भोके आणि नाळेवरचा भिंतीसारखा बंद कठडा हे काम डेक बसवण्यापूर्वीच करून घ्यावे. नंतर तेथे हात पोहोचत नाही.

पाठीमागचा ठोकळा, धुराडे आणि हेलिकॉप्टरचा तळ

दीपकच्या मागच्या भागात उंच बांधकाम आहे आणि त्याच्याही मागे हेलिकॉप्टर उतरण्याचा सपाट तळ आहे. हे बांधकाम एकच भरीव ठोकळा म्हणून न करता मजल्यांप्रमाणे वेगवेगळ्या पेट्या कराव्यात. प्रत्येक पेटीच्या भिंती अर्धा मिमी स्टायरीनच्या, आत दोन आडवे आधार, आणि वर एक मिमीचा पत्रा, जो भिंतीच्या बाहेर केसभर डोकावतो. ही डोकावणारी कड प्रत्येक मजल्याखाली सावली टाकते, आणि त्या सावलीमुळेच लहान प्रतिकृती मोठ्या इमारतीसारखी भासते.

सुकाणू-कक्षाच्या खिडक्या कोरून काढण्यापेक्षा रंगकाम संपल्यावर गडद करड्या रंगाच्या बारीक चौकोनांनी दाखवाव्यात. शुद्ध काळा रंग टाळावा, तो भोकासारखा दिसतो. दरवाजे साडेपाच मिमी उंच पट्ट्यांचे चिकटवावेत आणि त्यांचा उंबरा डेकपासून थोडा वर ठेवावा, कारण जहाजावर पाणी आत येऊ नये म्हणून दरवाज्यांना उंबरठा असतोच.

वायुवीजनाच्या टोप्या, दोर गुंडाळण्याचे खुंट आणि जीवरक्षक तराफ्यांचे पांढरे पिंप या वस्तू डझनांनी लागतात आणि त्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत. कोणाकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर या वस्तूंसाठी तो जरूर वापरावा. नसेल तर तराफ्यांसाठी पावणेदोन मिमी जाडीच्या प्लॅस्टिक काडीचे चार मिमीचे तुकडे कापून त्यांच्या कडा गोल कराव्यात. संपूर्ण सांगाडा मात्र छापून घेऊ नये, असे मला वाटते. हाताने थर रचताना जहाजाचा आकार ज्या प्रकारे समजतो, तसा तो पडद्यावर समजत नाही.

मधला डेक : या जहाजाचे खरे कामाचे ठिकाण

आतापर्यंतचे काम कोणत्याही टँकरसारखे होते. येथून पुढे हे नौदलाचे रसदवाहू जहाज होते, म्हणून निम्मा वेळ या भागासाठी राखून ठेवावा.

आधी यंत्रणा समजून घ्यावी, नाहीतर नळ्या आणि तारा कुठून कुठे जातात हे ठरवता येत नाही. इंधन देणारे जहाज एकाच दिशेने आणि एकाच वेगाने चालत राहते, आणि घेणारे जहाज त्याच्या बाजूला येऊन अंतर सांभाळते. प्रथम एक बारीक दोर बंदुकीने पलीकडे टाकला जातो, त्याच्या आधाराने जाड दोर आणि शेवटी पोलादी तार जाते. ही तार देणाऱ्या जहाजाच्या उंच चौकटीपासून घेणाऱ्या जहाजाच्या जोडणीपर्यंत उताराने ताणलेली असते. दोन्ही जहाजे लाटांवर वरखाली होत असताना तार सैल पडू नये आणि तुटूही नये, यासाठी चौकटीजवळ ताण सांभाळणारे यंत्र असते. तारेवर चाके असतात, चाकांखाली खोगिरासारखे आधार, आणि त्या आधारांना इंधनाची जाड नळी मोठ्या झोळांत लटकते. काम नसताना हीच नळी चौकटीजवळ वर उचलून झोळांतच बांधलेली असते.

या माहितीवरून डेकवर काय काय लागते त्याची यादी आपोआप तयार होते. उंच चौकटी, त्यांच्या पायाशी तारा गुंडाळणारी यंत्रे, चौकटीच्या माथ्यावर कप्प्या, लटकलेल्या नळ्या, डेकवरून धावणारे पाईप, त्यांवरील झडपांची चाके, आणि या सर्वांमधून माणसांनी चालायचा मोकळा मार्ग. जड सामान हलवण्यासाठी ३० टनांची क्रेनही या जहाजावर आहे, तिला विसरू नये.

चौकटींचे खांब स्टायरीनच्या चौकोनी नळीचे करावेत. ते आधी डेकबाहेर, आलेख कागदावर सपाट ठेवून जोडावेत, म्हणजे दोन्ही पाय समांतर राहतात. पाय डेकवर नुसते चिकटवू नयेत. डेकला भोक पाडून आत पितळेची बारीक काडी उतरवावी, कारण पुढे तारांचा ताण याच खांबांवर येणार आहे. पाईपसाठी एक मिमी आणि अर्धा मिमी जाडीच्या प्लॅस्टिक काड्या घ्याव्यात आणि त्या डेकला टेकवून न बसवता छोट्या आधारांवर केसभर उचलून बसवाव्यात. पाईपखालून डेक दिसला की संपूर्ण मांडणी जिवंत वाटते. वळणे गरम केलेल्या सुईच्या आधाराने काडी वाकवून करावीत. झडपांच्या चाकांसाठी तांब्याच्या तंतूचे कडे सुईभोवती गुंडाळून कापले की एका वेळी वीस-पंचवीस चाके मिळतात.

नळ्यांसाठी सोल्डरची तार वापरावी. सहा-सात इंची व्यासाची नळी या प्रमाणात अर्ध्या मिमीच्या आसपास येते, आणि सोल्डरची तार मऊ असल्यामुळे स्वतःच्या वजनाने लोंबल्यासारखी वाकते. प्लॅस्टिकची काडी कितीही वाकवली तरी ताठच दिसते. सर्व झोळ एकसारखे मोजून करू नयेत. खऱ्या झोळांत थोडा कमीजास्तपणा असतोच.

हे काम डेक रंगवून झाल्यावर तुकड्यातुकड्याने बसवावे. प्रत्येक गट वेगळा रंगवून मग चिकटवला तर ब्रश अडचणीच्या जागी घालावा लागत नाही. कठडे सर्वांत शेवटी लावावेत. पितळी पत्र्यातून रसायनाने कोरलेले तयार कठडे मिळतात, ते घ्यावेत. तीन मिमी उंचीचे गज हाताने जोडणे शक्य आहे, परंतु अर्धा मीटर जहाजाच्या दोन्ही बाजूंना ते सरळ रेषेत राखणे फार कष्टाचे आहे.

रंग आणि झीज

भारतीय नौदलाची जहाजे फिकट करड्या रंगाची असतात. बाटलीतला रंग जसाच्या तसा लावल्यास छोट्या प्रतिकृतीवर तो गडद भासतो, म्हणून त्यात दहावा हिस्सा पांढरा मिसळावा. डेकचा रंग आपण निवडलेल्या वर्षाच्या छायाचित्रावरूनच ठरवावा. जलरेषेचा पट्टा आखण्यासाठी पेन्सिल एका लाकडी ठोकळ्यावर आडवी बांधावी, जहाज काचेवर ठेवावे आणि ठोकळा त्याच्याभोवती फिरवावा. मास्किंग टेप त्याच रेषेवर लावावी.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत, लॅकर जातीचा स्प्रे मारू नये. सुकताना हवेतील बाष्प त्यात अडकते आणि पृष्ठावर पांढुरकी झाक येते. एकतर कोरड्या दिवसाची वाट पाहावी, किंवा ॲक्रिलिक रंग ब्रशने दोन-तीन पातळ हातांनी द्यावा.

गंज दाखवण्याच्या हौसेला येथे लगाम घालावा लागतो. नौदलाचे जहाज सतत धुतले आणि रंगवले जाते. गंजाचे ओघळ नांगराच्या खोबणीखाली आणि पाणी बाहेर पडण्याच्या भोकांखाली केसाइतके बारीक काढावेत. झीज खऱ्या अर्थाने दिसते ती दोन ठिकाणी: मधल्या डेकवर, जेथे माणसे आणि सामान सतत फिरते, आणि जहाजाच्या बाजूंवर, जेथे धक्क्याचे किंवा इतर जहाजांचे रबरी अडसर घासले जातात. डेकवर मूळ रंगापेक्षा किंचित फिकट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश चालण्याच्या वाटांवरून फिरवावा. चौकटींच्या पायाशी तेलकट डाग पातळ तपकिरी रंगाने द्यावेत.

झेंडे आणि खुणा

जहाजाच्या बाजूवर त्याचा क्रमांक, म्हणजे इंग्रजी ए अक्षर आणि ५० हा आकडा, पांढऱ्या रंगात असतो. अक्षरांचा आकार छायाचित्रावरून मोजून डेकल कागदावर, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवता येणाऱ्या पातळ छापील पट्टीवर, छापून घ्यावा. शक्ती करणाऱ्यांनी ५७ आकडा घ्यावा.

नौदलाच्या ध्वजावरून मात्र संपूर्ण प्रतिकृतीचा काळ ठरतो. दीपक २०११ साली दाखल झाले तेव्हा पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडा क्रॉस, त्याच्या मध्यभागी राष्ट्रीय चिन्ह आणि कोपऱ्यात तिरंगा असा ध्वज होता. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत आयएनएस विक्रांत दाखल करण्याच्या समारंभात नवा ध्वज आला. त्यातून क्रॉस गेला, आणि तिरंग्याच्या शेजारी निळ्या अष्टकोनात नांगरावर राष्ट्रीय चिन्ह आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद आले. हा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. मराठी माणसाला हा ध्वज लावण्याचे विशेष समाधान आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो, परंतु २०११ चे जहाज दाखवत असाल तर जुनाच ध्वज लावावा. बंदरात हा ध्वज मागच्या टोकाच्या काठीवर आणि तिरंगा नाळेवर असतो. समुद्रात चालताना नौदलाचा ध्वज डोलकाठीवर चढतो. झेंडा पातळ कागदावर छापून, ओलसर असतानाच बोटांत हलके मुरडून वाऱ्यावर फडफडता ठेवावा.

इंधन देतानाचा प्रसंग दाखवत असाल तर डोलकाठीवर एकाखाली एक गोल, शंकरपाळ्यासारखा चौकोन आणि पुन्हा गोल असे तीन काळे आकार टांगावे लागतात. जहाज सहज वळू शकत नाही, असा त्याचा आंतरराष्ट्रीय अर्थ आहे. प्रत्येक आकाराचा व्यास किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे १.७ मिमी, आणि दोन आकारांतील अंतर किमान दीड मीटर, म्हणजे ४.३ मिमी असावे. ज्वालाग्राही माल हलवला जात असल्याची खूण म्हणून तांबडा, टोकाला दुभंगलेला झेंडा असतो. तांबड्या जमिनीवर पिवळा क्रॉस असलेला झेंडा या कामाची तयारी आणि सुरुवात दर्शवतो.

दोन जहाजांचा प्रसंग

ज्याला एकट्या जहाजापुढे जायचे आहे त्याने शेजारी एक फ्रिगेट ठेवावी. तलवार वर्गातील फ्रिगेट सुमारे १२५ मीटर लांब असते, ती ३५७ मिमी होते. दोन जहाजांत ४५ मीटर अंतर धरले तर मधल्या पाण्याची पट्टी १२९ मिमी येते. दोन्ही रुंदी आणि भोवतालचा समुद्र मिळून ६० बाय ३२ सेंटिमीटरचा तळ पुरतो.

समुद्र जाड जलरंगाच्या कागदाला ओलसर करून, चुरगाळून आणि प्लायवर चिकटवून करावा. निळा-हिरवा रंग देऊन त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक जेलचे दोन हात द्यावेत. बाहेरच्या बाजूचे पाणी शांत ठेवावे, परंतु दोन जहाजांमधली पट्टी खवळलेली दाखवावी. दोन्ही नाळांच्या लाटा तेथे एकमेकींवर आदळतात आणि अरुंद वाटेत पाणी उसळते. फेस कापसाचे अतिशय बारीक धागे जेलमध्ये दाबून करावा.

तार ताणताना दोन्ही जहाजे तळावर पक्की बसलेली असावीत. पोलादी तारेची जाडी या प्रमाणात माणसाच्या केसाइतकीच भरते, म्हणून ताणला जाणारा लवचिक धागा वापरावा. तो आधी उंच चौकटीला चिकटवावा, फेव्हिक्विक पूर्ण घट्ट होऊ द्यावा, आणि मग पलीकडच्या बाजूला हलक्या ताणाने टेकवावा. त्यानंतर सोल्डरची नळी, तिचे आधार आणि चाके एकेक करून तारेला टांगावीत. पुढच्या बाजूला अंतर मोजण्याचा दोर लावावा. त्यावर दर वीस फुटांना, म्हणजे साडेसतरा मिमीला, हिरवा, तांबडा, पिवळा, निळा आणि पांढरा या क्रमाने छोटे झेंडे असतात आणि शंभर फुटांवर पुन्हा हिरवा येतो. या दोरापाशी आणि नळीच्या जोडणीपाशी शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकिटे घातलेली माणसे उभी करावीत. मोकळ्या डेकवर उगाच माणसे पेरू नयेत.

शेवटी संपूर्ण तळावर ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्याची पेटी बसवावी. पेटी बंद करण्यापूर्वी फेव्हिक्विकची वाफ पूर्ण निघून जाण्यासाठी आठवडाभर ती उघडी ठेवावी, अन्यथा आतल्या बाजूला पांढरा थर चढतो. तळाच्या एका कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी दडवण्याची जागा ठेवावी आणि दर पावसाळ्याच्या तोंडाशी ती बदलावी.